ठेव परत मागून पाहिली काय ?

घरांतील जिनसा नीट ठेवण्याविषयीं या सदरांत आम्हीं आजवर बरेंच लिहिलें आहे. लोणच्याच्या बरणीपासून खरेदीखतांच्या पेटीपर्यंत कशासही आम्हीं कमी लेखलें नाहीं. आज ज्या ठेवीविषयीं लिहावयाचें आहे ती डोळ्यांस दिसत नाहीं, हातास लागत नाहीं, आणि ती नाहींशी झाली हें कळावयासही कधीं कधीं तीन तीन दिवस लागतात. आमच्या घरीं तसें घडलें. ती हकीकत सांगण्यांत आमची थोडी नाचक्की आहे खरी; पण त्यानंतर चारदोन स्नेह्यांच्या घरीं चौकशी करतां त्यांचीही स्थिति आमच्याहून फारशी बरी नाहीं असें दिसून आलें. तेव्हां संकोच बाजूस सारून लिहितों.

आमच्या माजघराच्या कोपऱ्यांत, फडताळाच्या खालच्या खणांत, एक लहानसा संगणक अहोरात्र चालू असतो. त्यास पडदा नाहीं कीं कळफलक नाहीं. धाकट्या बंधूंचे चिरंजीव त्यास सर्व्हर म्हणतात. घरांतील अकरा माणसांच्या वतीनें कागदपत्र सांभाळणारा तो एक मुका कारकून आहे असें म्हटलें तरी चालेल. तीर्थरूपांच्या रोजनिशांच्या प्रतिमा, मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें, घरपट्टीच्या पावत्या, थोरल्या वहिनींच्या पाककृति, हें सारें त्याच्या पोटांत आहे. आणि तेथेंच 'ध्वनि' नांवाच्या फोल्डरांत आमच्या मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्या होत्या.

मातोश्रींचें वय ८७. गेल्या चैत्रापासून श्रावणाअखेरपर्यंत आमच्या सूनबाईंनीं सवड सांपडेल त्या दुपारीं त्यांच्यापाशीं बसून, आठवतील तशा ओव्या म्हणवून घेतल्या व ध्वनिमुद्रित केल्या. अशीं २३ मुद्रणें झालीं. पुढें गणपतींच्या दिवसांत मातोश्रींस मोठें आजारपण आलें. त्यांतून त्या उठल्या. पण ओव्या त्यांच्याबरोबर परत आल्या नाहींत. आज पहिला शब्द सांगितला तरी त्यांस दुसरा सुचत नाहीं. हें अगोदर सांगावयाचें कारण इतकेंच कीं, पुढील मजकूर ही केवळ यंत्राची गोष्ट आहे असें वाचकांस वाटूं नये.

पितृपक्षांतील एका रात्रीं चिरंजीव सर्व्हरवरची अडगळ काढीत बसले होते. हें काम ते चित्रें व बटणें यांच्या साहाय्यानें करीत नाहींत. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाईप करून करतात. या पद्धतीस कमांड-लाइन म्हणतात, आणि तिच्याविषयीं आमचें मत मुळींच वाईट नाहीं. हजार फायलींचीं नांवें बदलावयाचीं असोत, कीं परमुलुखांतील एखाद्या यंत्राची झाडलोट करावयाची असो, चार शब्दांत काम उरकतें. मात्र तिच्या घरीं केराची टोपली नसते. 'आरएम' ही पुसून टाकण्याची आज्ञा. तिला 'आर' आणि 'एफ' हीं दोन अक्षरें जोडलीं कीं ती सबंध फोल्डर आंतल्या परिवारासह पुसते व 'पुसूं ना ?' असें विचारीतही नाहीं. चिरंजीवांस 'ध्वनि जुने' या नांवाचा, नको असलेल्या गाण्यांचा फोल्डर काढावयाचा होता. त्या नांवांत दोन शब्दांमध्यें मोकळी जागा आहे. अशा नांवास अवतरणचिन्हांत घालावें लागतें, नाहीं तर संगणक तीं दोन निराळीं नांवें समजतो. अवतरणचिन्हें राहून गेलीं. यंत्रानें 'ध्वनि' पुसला. 'जुने' या नांवाचें त्यास कांहीं सांपडलें नाहीं. पण 'एफ' या अक्षराचा अर्थच 'कुरकुर करूं नकोस' असा असल्यामुळें तें गप्प राहिलें. जो काढावयाचा होता तो 'ध्वनि जुने' आजही तेथें सुखरूप आहे.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं सूनबाई ओव्या ऐकावयास गेल्या तेव्हां हा प्रकार उघडकीस आला. चिरंजीव म्हणाले, "काका, काळजी करूं नका. रोज रात्रीं दोन वाजतां दुसऱ्या डिस्कवर सगळ्याची नक्कल होते." आम्हांस हायसें वाटलें. दुसरी डिस्क उघडून पाहिली तों तेथेंही 'ध्वनि' नाहीं.

नक्कल करण्याचें काम 'आरसिंक' नांवाच्या साधनाकडे होतें. हें साधन अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास या ऑस्ट्रेलियांतील दोघां तज्ज्ञांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलें. दूरच्या यंत्राकडे फाईल पाठवितांना तिचा बदललेला भागच तेवढा पाठवावयाचा, ही त्याची युक्ति खरोखर नामी आहे. त्यास 'डिलीट' अशी सूचना दिली म्हणजे मूळ ठिकाणीं जें उरलें नाहीं तें नकलेंतूनही काढून टाकतें, व दोन्ही ठिकाणें हुबेहूब सारखीं ठेवतें. चिरंजीवांनीं नीटनेटकेपणाच्या हौसेनें ती सूचना दिलेली होती. यजमानांनीं चुकून देव्हाऱ्यांतला टाक मोडींत काढला, तर दुसऱ्या घरचाही टाक तितक्याच इमानानें मोडींत देऊन येणारा गडी जसा, तसें हें झालें. आरसा खरा, पण आपण खोलींतून निघून गेल्यावर आरशांत आपणांस शोधण्यांत अर्थ नसतो.

आतां उरली तिसरी प्रत. ठाण्यास आमच्या भगिनींच्या घरीं एक डिस्क ठेवलेली आहे. दर रविवारीं पहाटे आमचा सर्व्हर सगळ्या दप्तराचा एक गठ्ठा बांधून तिकडे रवाना करतो. गठ्ठा बांधणाऱ्या साधनाचें नांव 'टार'. चुंबकीय फितींवर दप्तर ठेवण्याच्या काळांतील तें आहे, १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत तें आलें, आणि आजही चाकरींत आहे. चिरंजीवांनीं ठाण्याच्या यंत्राशीं तारेवरून संबंध जोडला व गठ्ठ्यांची यादी मागविली. यादी भराभर पडद्यावर आली. शेवटच्या सहा गठ्ठ्यांपैकीं पहिला अर्धाच होता. पुढच्या पांचांच्या नांवापुढें आकार होता शून्य.

कारण अगदीं साधें होतें. जुने गठ्ठे कोणीं काढले नव्हते, डिस्क भरली. सहा रविवार यंत्रानें 'जागा शिल्लक नाहीं' असें आपल्या टिपणवहींत लिहून ठेवलें होतें. या टिपणवहीस लॉग म्हणतात, आणि ती वाचावयाची असते हें आमच्या घरीं कोणाच्या डोक्यांत आलें नाहीं. प्रत्येक आज्ञा काम आटोपून जातांना एक आंकडा मागें ठेवून जाते : शून्य म्हणजे सर्व ठीक, दुसरा कोणताही म्हणजे कांहीं तरी बिनसलें. घरच्या जमाखर्चांत शून्य पाहून पोटांत गोळा येतो. येथें त्याच्याइतका शुभ आंकडा नाहीं. (फाईलच्या आकाराच्या रकान्यांतला शून्य मात्र वेगळा, तें आम्हीं त्याच दुपारीं शिकलों.)

सातवा गठ्ठा धड निघाला. तो उघडतांना चिरंजीवांनीं जी सावधगिरी बाळगली ती मात्र वाखाणण्याजोगी होती. त्यांनीं तो जुन्या जागेवर उलगडला नाहीं. तसें केलें असतें तर सात आठवड्यांपूर्वींच्या फायलींनीं मधल्या काळांतील नव्या फायली झांकून टाकल्या असत्या, व एक खड्डा बुजवितांना दुसरा पडला असता. त्यांनीं एक कोरा फोल्डर केला. गठ्ठा न सोडतां आंतील जिनसांची यादी आधीं वाचली. 'ध्वनि' तेवढाच त्या कोऱ्या जागीं उतरविला. आणि मग प्रत्येक मुद्रणाची ओळखखूण जुन्या नोंदीशीं ताडून पाहिली. ही ओळखखूण म्हणजे फाईलींतील सर्व मजकुरावर गणित करून काढलेला ६४ अक्षरांचा एक ठसा असतो. एक बिंदु इकडचा तिकडे झाला तरी ठसा सर्वस्वीं बदलतो. वेदपाठ ऐकलेल्या वाचकांस याचें नवल वाटणार नाहीं. घनपाठांत पदें पुढून मागून उलटसुलट म्हणावयाचीं तीं याचकरितां, कीं एका स्वराची चूक झाली तरी ती लपून राहूं नये. आमचीं १८ मुद्रणें या परीक्षेस उतरलीं. त्या वेळीं चिरंजीवांच्या खुर्चीमागें घरांतील सात माणसें उभीं होतीं व चहा निवून गेला होता.

राहिलीं पांच, श्रावणाच्या उत्तरार्धांत घेतलेलीं. त्यांपैकीं दोन सूनबाईंनीं आपल्या माहेरीं आईस ऐकावयास पाठविलीं होतीं, तीं तिकडून मिळालीं. फोन भरला म्हणून त्यांनीं आपल्याकडचीं मूळ मुद्रणें पुसलीं होतीं. सर्व्हरवर आहेतच, या भरंवशावर. डिस्कमध्यें खोल खणून पुसलेल्या फायली बाहेर काढणारीं साधनें असतात. तींही लावून पाहिलीं. पण आपल्या सर्व्हरची डिस्क नव्या धर्तीची, फिरती तबकडी नसलेली, आणि पुसलेली जागा ती स्वतःहून झाडून साफ करते. त्यांत तीन दिवस यंत्र चालूच राहिलेलें. तीन मुद्रणें गेलीं तीं गेलीं.

आमचे थोरले बंधू त्या सायंकाळीं म्हणाले, "हौशी पोरांच्या हातीं घरचें दप्तर दिल्यावर दुसरें काय होणार ?" असें म्हणणारे वडीलधारे इतरही घरीं असतील. त्यांच्याकरितां एक हकीकत सांगतों. ती हौशी पोरांची नाहीं.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपलें लिखाण ज्या सामाईक जागीं ठेवतात, अशांपैकीं एक मोठी जागा म्हणजे गिटलॅब. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तेथील एक अनुभवी तंत्रज्ञ एका त्रासाशीं झगडत होता. त्यांच्याकडे मुख्य माहितीकोशाचा एक सर्व्हर आणि त्याच्या मागोमाग चालणारा दुसरा, अशी जोडी होती. कामाचा भार वाढून दुसरा मागें पडला. त्यास पुन्हां मार्गावर आणावयाचें तर त्याच्यावरचा जुना फोल्डर रिकामा करणें अवश्य होतें. तंत्रज्ञानें आज्ञा दिली, आणि एकदोन क्षणांत त्याच्या ध्यानांत आलें कीं आपण दुसऱ्या सर्व्हरच्या नव्हे, मुख्य सर्व्हरच्या पडद्यावर बसलों आहों. त्यानें आज्ञा थांबविली. तोंवर सुमारें ३०० जीबी माहितीपैकीं साडेचार जीबी उरली होती.

मग नकलांचा शोध सुरू झाला, आणि आमच्या माजघरांत जें झालें तेंच तेथें मोठ्या प्रमाणावर झालें. दररोज माहितीकोशाचा उतारा काढून दूरच्या भांडारांत ठेवण्याची व्यवस्था होती. भांडार उघडलें तों रिकामें. उतारा काढणारें साधन ९.२ या आवृत्तीचें चालत होतें, माहितीकोश ९.६ चा, त्यामुळें उतारा निघतच नव्हता. निघत नाहीं अशी तक्रार यंत्र ईमेलनें पाठवीत असे. परंतु त्या पत्रांवर आवश्यक ती सही-ओळख नसल्यामुळें पत्र घेणारें यंत्र तीं दारांतूनच परत लावी ! डिस्कची जशीच्या तशी छबी घेण्याची सोय होती, ती माहितीकोशाच्या सर्व्हरांस लावलेलीच नव्हती. मागोमाग चालणारा जो दुसरा सर्व्हर, त्याचा फोल्डर तर आधींच पुसलेला. पांच प्रकारच्या व्यवस्था होत्या, आणि प्रसंगीं एकीचाही भरंवसा धरण्याजोगी स्थिति नव्हती, हें त्या संस्थेनें स्वतःच जगास सांगितलें.

वांचविलें कशानें ? एका योगायोगानें. त्याच दिवशीं सुमारें सहा तास आधीं, भलत्याच एका प्रयोगाकरितां, कोणी एकानें हातानें एक छबी काढून तालमीच्या सर्व्हरवर ठेवली होती. नित्याची छबी चोवीस तासांतून एकदां निघे. ही जादा निघाली नसती तर सहा तासांऐवजीं जवळजवळ सबंध दिवस गेला असता. तालमीच्या यंत्राची डिस्क मंद. तेवढी माहिती परत मुख्य ठिकाणीं वाहून आणावयास सुमारें १८ तास लागले. प्रोग्रॅमचें मूळ लिखाण सुरक्षित राहिलें, पण सहा तासांतील सुमारें ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवीं खातीं यांस मुकावें लागलें.

या हकीकतींतील दोन गोष्टी आम्हांस विशेष आदरणीय वाटतात. दुरुस्तीचें काम त्या लोकांनीं यूट्यूबवर सर्वांस दाखवीत केलें, व काय काय चुकलें त्याचें टिपण उघडें ठेवलें. नुकसान झांकून ठेवण्याची आमच्या घरांतील जुनी रीत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याचें मोल कळेल. आणि ज्याच्या हातून आज्ञा सुटली त्यास नोकरीवरून काढलें नाहीं. उलट कोणता पडदा कोणत्या यंत्राचा हें दृष्टीस पडतांच कळावें अशी योजना हाती घेतली. थोरल्या बंधूंस आम्हीं हें वाचून दाखविलें. त्यांचें मत बदललें असें नाहीं; पण चिरंजीवांशीं ते त्या रात्रीं जेवतांना बोलले.

दुसरी हकीकत थोडक्यांत. पिक्सार ही बोलपटांतील चित्रें संगणकावर काढणारी अमेरिकेंतील मंडळी. १९९८ सालीं त्यांच्या 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फायलींवर कोणीं तरी तीच 'आरएम' आज्ञा चालविली, आणि पाहतां पाहतां चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला. बॅकअप उघडले, ते निकामी ठरले. तेथील एक अधिकारी गॅलिन सुसमन या त्या सुमारास तान्ह्या मुलामुळें घरून काम करीत असत, व त्याकरितां चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या यंत्रावर होती. तें यंत्र घोंगड्यांत गुंडाळून मोटारीनें कचेरींत नेलें आणि चित्रपट वांचला. (पुढें त्या मंडळींनीं तो बराचसा नव्यानें केला, ही गोष्ट निराळी.) बाळंतिणीनें घरीं काम नेल्यामुळें कंपनीची अब्रू राहिली, हें आमच्या भगिनीवर्गानें ध्यानांत ठेवावें, असें आमच्या सौभाग्यवतींचें सांगणें आहे.

जाणकार लोक एक नियम सांगतात. पीटर क्रोघ या छायाचित्रकारानें तो रूढ केला. प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि एक घराबाहेर असावी. नियम उत्तम आहे. परंतु वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं आमच्या घरीं हा नियम अक्षरशः पाळलेला होता ! मूळ माजघरांत, दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर, तिसरी ठाण्यास. तीन मुद्रणें तरीही गेलीं. नियम ठेवण्याविषयीं बोलतो. ठेवलेलें परत मागण्याविषयीं त्यांत शब्द नाहीं. सावकाराकडे ठेव ठेवून वीस वर्षें पावत्या जमविणारा आणि एकदांही चार रुपये परत मागून न पाहणारा गृहस्थ भोळा, असें आपण म्हणूं. संगणकाच्या बाबतींत आपण सर्वच तसे भोळे आहों. पडद्यावर 'बॅकअप पूर्ण झाला' असें उमटलें कीं आपलें समाधान होतें. प्रत खरी कीं खोटी हें ती परत आणून, उघडून, डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय वा कानांनीं ऐकल्याशिवाय कळत नाहीं. आमचें तर आतां असें मत झालें आहे कीं, जी एकदांही परत आणून पाहिली नाहीं तिला प्रत म्हणूंच नये.

आणखी एक गोष्ट आम्हांस अधिक खुपली. हें सर्व जाणणारें माणूस घरांत एकच होतें. अकरा जणांची ठेव, आणि पेटीची किल्ली एकाच्या डोक्यांत. चिरंजीव येत्या वर्षीं शिक्षणाकरितां जर्मनीस जावयाचे आहेत. ईश्वर त्यांस उदंड आयुष्य देवो. पण ते विमानांत असतां डिस्क बिघडली तर आम्ही काय पडद्यापुढें हात जोडून उभे राहणार? एकत्र कुटुंबाच्या दप्तराची वाट एकाच माणसाच्या पाठांतरावर अवलंबून असणें, हें तीन मुद्रणें जाण्याहून मोठें संकट आहे. तें अजून आलें नाहीं इतकेंच.

म्हणून आतां असें ठरलें आहे. परत आणण्याच्या आज्ञा, त्यांच्या क्रमानें, प्रत्येकीचा अर्थ मराठींत देऊन एका वहींत लिहिल्या आहेत, कागदावर, शाईनें. ज्या यंत्रांतली ठेव गेली त्याच यंत्रांत ती परत मिळविण्याची कृति ठेवण्यांत शहाणपण नाहीं. ठाण्याचे गठ्ठे हल्लीं कुलूपबंद करून पाठवितों, परक्याच्या हातीं डिस्क पडली तरी आंतलें दिसूं नये म्हणून. त्या कुलपाचा परवलीचा शब्द पाकिटांत घालून दागिन्यांच्या पेटींत ठेवला आहे. तो हरवला तर जगांतला कोणीही तज्ज्ञ ते गठ्ठे उघडून देणार नाहीं. 'आरसिंक' चालविण्यापूर्वीं त्याची कोरडी तालीम करतां येते : काय पुसणार, काय घालणार, तें तो नुसतें सांगतो व कशासही हात लावीत नाहीं. ही तालीम घेतल्याशिवाय नवी सूचना द्यावयाची नाहीं. रात्रींच्या नकला आतां तारीखवार निराळ्या ठेवतों व जुन्या आपोआप निघून जातात. सर्व्हरच्या पडद्यावरचें नांव तांबड्या अक्षरांत दिसतें. आणि फोल्डरांच्या नांवांत मोकळी जागा सोडावयाची नाहीं, हा नियम आमच्या आठ वर्षांच्या नातीसही पाठ झाला आहे.

तालीम दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं होते व ती चिरंजीवांनीं करावयाची नाहीं. ते जवळ बसतात, बोलत नाहींत. वही पुढें ठेवून सूनबाई आज्ञा टाईप करतात, कोऱ्या फोल्डरांत एक गठ्ठा उतरवितात, ठसे ताडतात, आणि चिठ्ठी टाकून निघेल ती फाईल उघडतात. पहिल्या खेपेस त्यांस दीड तास लागला, कारण वहींत एक टिंब लिहावयाचें राहिलें होतें. तें तेव्हांच भरलें. दुसऱ्या खेपेस पाऊण तास पुरला. आमचीही पाळी पुढच्या महिन्यांत आहे. चष्मा बदलून घेतला आहे.

गेल्या रविवारीं चिठ्ठींत अकराव्या क्रमांकाचें मुद्रण निघालें. सूनबाईंनीं तें लावलें. मातोश्री ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, "ही कोण म्हणते आहे ? चाल आमच्याकडची आहे." सूनबाईंनीं सांगितलें कीं, "आई, तुम्हीच म्हणतां आहांत." त्यांचा विश्वास बसला नाहीं, पण मुद्रण संपेपर्यंत वाती तशाच हातांत राहिल्या, आणि संपल्यावर "पुन्हां लाव," म्हणाल्या. सूनबाईंनीं आधीं वहींत तारीख व वेळ लिहिली, आणि मग पुन्हां लावलें.